साथीचा इतिहास : नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका, त्यांचे श्रोते आणि मार्कंडा परिसरातील ऑर्गन

गायकाच्या नावाने निघालेली ध्वनिमुद्रिका ही त्या एकट्या गायकाची कृती नसते, ही गोष्ट तत्त्वतः कोणी नाकारणार नाही. प्रत्यक्ष इतिहासलेखनात मात्र ती नाकारल्यासारखीच वागविली जाते. मराठी नाट्यसंगीताविषयीचे ग्रंथ चाळले तर गायकनट, पदकर्ते आणि चाली देणारे यांच्यासंबंधी पुष्कळ मजकूर सापडतो. त्याच गाण्याच्या शेजारी बसून पेटी, ऑर्गन, सारंगी किंवा तबला वाजविणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा एखादे वाक्य येते, आणि तेही साथ बहारीची होत असे इतकेच सांगणारे. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित भागाचा थोडा विचार करावयाचा आहे. त्यास निमित्त दुहेरी आहे. जुन्या तबकड्या जमविणाऱ्या व त्या पुनःपुन्हा ऐकणाऱ्या रसिकांनी गेल्या काही दशकांत साथीदारांविषयी जी माहिती आणि जे तर्क पुढे आणले, त्यांची छाननी व्हावयास हवी. शिवाय वैनगंगेच्या काठी मार्कंडा-चामोर्शी परिसरात, म्हणजे झाडीपट्टीच्या दक्षिण अंगास, नाटकातील पदांना जिवंत साथ देण्याची प्रथा आजही आढळते. तिच्याकडे पाहिल्यावर तबकड्यांविषयीचे काही प्रश्न निराळे दिसू लागतात. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, संगीतशास्त्राचा नव्हे. म्हणून शब्दांपासूनच आरंभ करणे त्यास सोयीचे वाटते.

'साथ' हा शब्द संस्कृत 'सार्थ' या शब्दापासून, प्राकृतातील 'सत्थ' या रूपातून आला. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. एकत्र वाट चालणाऱ्यांचा समूह हा त्याचा मूळ अर्थ. त्यात पुढचा मोठा आणि मागचा लहान असा भाव नाही. (मराठीत तोच शब्द पटकी-देवीच्या फैलावासही लागला, हा भाग वेगळा. या लेखाचे शीर्षक पाहून एखाद्या ग्रंथपालाने तो आरोग्यशास्त्राच्या कपाटात ठेवल्यास त्यास दोष देता येणार नाही.) संगीतात मात्र साथ म्हणजे दुय्यम वादन असा अर्थ रूढ झाला आणि साथ करणाऱ्याची पायरी त्याला मिळालेल्या नावातच ठरून गेली. 'तबलजी' हा शब्द घ्या. त्यातील 'जी' आदरार्थी आहे असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो तुर्की 'ची' या प्रत्ययाचा, फारसीमार्गे आलेला अवशेष आहे. मशालची, तोपची, खजांची या शब्दांत जो प्रत्यय दिसतो तोच 'तबलची'मध्ये आहे, आणि तबलचीचा मराठीत तबलजी झाला. म्हणजे हे काम करणारा नोकर एवढाच त्याचा अर्थ. 'पेटीवाला' आणि 'सारंगिया' यांचीही जात हीच. 'मास्तर' हे उपपद इंग्रजी अमदानीत आले आणि तमाशाच्या फडापासून नाटक मंडळीपर्यंत 'पेटीमास्तर' रूढ झाला. येथे प्रथम थोडा मान डोकावतो. 'तबलावादक', 'संवादिनीवादक' हे संस्कृत साच्याचे शब्द त्यानंतरचे. ते सभागृहातील निवेदकाच्या तोंडी येतात. वादकाच्या घरी व शेजारी आजही पेटी ती पेटीच असते. एका शतकात एकाच माणसाची तीन नावे झाली, आणि सामाजिक इतिहासास एवढा पुरावा लहान नाही.

आता तबकड्यांकडे वळू. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गेसबर्ग १९०२ साली आला आणि कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन त्याने मुद्रित केले. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदा येथे तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला. तोपर्यंत मुद्रण येथे आणि छपाई जर्मनीत हॅनोव्हरला, अशी व्यवस्था होती. या परदेशी छपाईमुळेच त्या काळच्या गायिका गाणे संपताच आपले नाव मोठ्याने उच्चारीत. दूरच्या कारागिराने योग्य चिठ्ठी योग्य तबकडीस लावावी, हा त्यामागील हेतू. मद्रणाच्या अगदी पहिल्या दिवसापासून गायकाचे नाव असे तबकडीच्या रेघेतच कोरले गेले. साथीदाराने आपले नाव सांगावे असे कोणास सुचले नाही, कारण त्याच्या नावाने माल खपत नव्हता. गोल चिठ्ठीवर जागाही थोडीच असे. गायक, पद, नाटक, राग, क्रमांक एवढ्यात ती भरून जाई.

पाश्चात्त्य देशांतील स्थिती या बाबतीत पुढे बदलली, ती मुख्यतः एका भौतिक कारणाने. लांब वाजणारी तबकडी आली, तिला पुठ्ठ्याचे मोठे वेष्टन आले आणि त्या वेष्टनाच्या पाठीवर मजकुरास ऐसपैस जागा मिळाली. १९७७ साली इंग्रज गायक डेव्हिड बोवी याची 'हीरोज' ही तबकडी निघाली. तीत 'किंग क्रिम्सन' या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने केलेले वादन आजही श्रोते सुटे काढून ऐकतात. कोणत्या क्षणी कोणता सूर लांबविला आहे याची चर्चा करतात. गाणे बोवीचे आहे हे मान्य करूनच ते ही चर्चा करू शकतात, कारण फ्रिपचे नाव वेष्टनावर छापलेले आहे. श्रद्धेला तेथे कागदाचा आधार आहे. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे पाकीट म्हणजे मध्यभागी भोक पाडलेला, विक्रेत्याची नाहीतर कंपनीची जाहिरात मिरविणारा तपकिरी कागद. त्यामुळे आपल्या रसिकास साथीदार ओळखावयाचा तर कानानेच ओळखावा लागतो, आणि कानाचा पुरावा इतिहासाने किती मानावा हा खरा प्रश्न आहे.

याचे एक टोकाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९७७ सालीच अमेरिकेने व्हॉएजर ही दोन अंतराळयाने सोडली आणि त्यांवर पृथ्वीवरील संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तीत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. लांबी साडेतीन मिनिटे. अधिकृत यादीत गायिकेचे नाव आहे, साथीस बसलेल्यांचे नाही. ते वादक सूर्यमालेच्या सीमेपलीकडे निनावीच गेले.

मराठी नाट्यसंगीतात या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण अर्थातच बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांचे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८चा. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. १९११च्या मार्च महिन्यात 'मानापमान' रंगभूमीवर आले आणि त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. टेंबे यांची ख्याती तोपर्यंत मुख्यतः पेटीवादक म्हणून होती. भास्करबुवा बखले यांच्या गायनाची साथ करता करता त्यांनी आपली विद्या मिळविली होती. साथीला बसणारा हात संगीतदिग्दर्शकाचा हात झाला, ही घटना नाट्यसंगीताच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यावयास हवी तितकी येत नाही. 'मानापमाना'च्या चालींत पेटीच्या पट्ट्यांवर सहज बसणारे, सुट्या व चपळ स्वरांचे जे वळण जाणवते, त्याचा उगम येथे शोधणे वावगे होणार नाही असे प्रस्तुत लेखकास वाटते. याच्या शेजारी १९१६च्या 'स्वयंवरा'तील भास्करबुवांच्या चाली ठेवून पाहाव्यात. यमन, बिहाग, भीमपलासी या रागांतील त्या पदांत मींडेचे प्रमाण मोठे आहे. त्या चाली गळ्यातून निघाल्या आहेत, पेटीतून नव्हे. १९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. टेंबे पुढे लवकरच तीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी उभी केली.

गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात तिच्या साथीचा ताफा असाधारण होता. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे ही नावे त्या पिढीच्या प्रेक्षकांच्या आठवणींत वारंवार येतात. थिरकवाँ हे मुनीर खाँ यांचे शागीर्द. नाटक मंडळी सोडल्यावर रामपूर दरबारी राहिले, लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, १९७० साली पद्मभूषण झाले आणि १९७६ साली वारले. एवढ्या योग्यतेच्या वादकाने नाटकाच्या पदाला ठेका धरावा यात बालगंधर्वांच्या लयीचा जसा गौरव आहे, तसाच त्या मंडळीच्या ऋणाचाही एक भाग आहे. असे वादक पदरी ठेवावयास पैसा लागतो. मंडळी कर्जात बुडाली याची कारणे सांगताना भरजरी शालू आणि अत्तरे यांचा उल्लेख हटकून येतो. साथीवर झालेला खर्च त्या यादीत क्वचित दिसतो.

सारंगी आणि ऑर्गन ही जोडी मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. पेटीच्या व ऑर्गनच्या पट्ट्यांतील स्वर कायमचे बांधलेले; दोन स्वरांमधील वाट त्यांना चालता येत नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४०च्या मार्चमध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. नाटक मंडळीने मात्र हा वाद व्यवहारात आधीच सोडविला होता. मींड सारंगीने घ्यावी, भरणा ऑर्गनने करावा. ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, पेटीत ती बाहेर ढकलली जाते. त्यामुळे ऑर्गनचा नाद मऊ आणि सलग येतो व गाणाऱ्याच्या आवाजाला भिंत न होता पडद्यासारखा मागे राहतो. गायक श्वास घेतो तेवढ्या अवकाशात ऑर्गन मुखड्याची आठवण देऊन जातो. भाषाशास्त्रात संभाषणाचा विचार करताना ऐकणाऱ्याच्या 'हं', 'बरं', 'मग' या उद्गारांना महत्त्व दिले जाते. त्यांवाचून बोलणारा अडखळतो. गावाकडे कहाणी सांगणारी म्हातारी हुंकार देणारे कोणी नसेल तर कहाणीच सांगत नाही. चांगल्या साथीचे स्वरूप या हुंकारासारखे आहे. तो कथेत नसतो, पण त्याच्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.

तबकड्यांच्या अभ्यासास संघटित रूप आले ते मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेमुळे. 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक. विद्यापीठांनी जे काम करावयास हवे होते, ते नोकऱ्या सांभाळून, रद्दीच्या व जुन्या बाजारांतून तबकड्या उचलणाऱ्या या मंडळींनी केले, हे विद्यापीठात बसणाऱ्याने मोकळेपणी मान्य केले पाहिजे. चिठ्ठ्यांवरील क्रमांक, त्यांतील फरक, एकाच पदाची निरनिराळ्या वर्षांची मुद्रणे यांची त्यांनी केलेली जुळवाजुळव मोलाची आहे. ही मंडळी एकत्र जमून ऐकतात आणि एखाद्या जागेवर सुई उचलून मागे नेतात, तेव्हा त्यांचे लक्ष बहुधा गायकाकडे नसते. गायक त्यांना पाठच असतो. त्यांचे कान तबल्याच्या एका उठावाकडे नाहीतर सारंगीच्या एका ओढीकडे लागलेले असतात.

परंतु येथेच सावध राहावे लागते. बालगंधर्वांच्या कोणत्याही तबकडीत तबला मनोवेधक लागला की तो थिरकवाँचा, असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. प्रेमापोटी केलेले हे विधान इतिहास म्हणून स्वीकारण्यापूर्वी तीन अडचणी पार कराव्या लागतात. मंडळीच्या प्रयोगाला जो वादक बसे तोच मुद्रणाच्या खोलीत बसला असेल, असे गृहीत धरता येत नाही. रेकॉर्ड कंपन्यांकडे त्यांचे स्वतःचे वादक असत, आणि दौऱ्यावरील नटास नेहमीचा ताफा बरोबर नेणे नेहमीच जमे असे नाही. ही पहिली अडचण. दुसरी अडचण यंत्राची आहे. १९२५पर्यंत मुद्रण कर्ण्याने होत असे. कर्ण्यात सुमारे २५० ते २५०० कंपनांच्या दरम्यानचेच नाद नीट उतरत. डग्ग्याचा मूळ नाद या मर्यादेच्या खाली आहे. गायक कर्ण्यापाशी, साथीदार मागे. तबल्याची चाट ऐकू येते, डग्ग्याची घुमार येत नाही. अशा तबकडीवरून डाव्या हाताची ओळख पटवून देणारा रसिक जे ऐकतो, ते त्याच्या स्मरणात आहे, तबकडीत नाही. विद्युत् मुद्रण आल्यावर वरची मर्यादा पाच-सहा हजारांपर्यंत गेली, खालची बरीच उतरली, आणि तेव्हापासूनच्या तबकड्यांबाबत हा आक्षेप पुष्कळ ढिला पडतो.

तिसरी अडचण वेगाची. ७८ हा आकडा सुरुवातीच्या तबकड्यांना काटेकोरपणे लागू नाही. मुद्रणाच्या वेळी यंत्र कोणत्या वेगाने फिरले यावर सर्व अवलंबून. ८० फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ने वाजविली तर पट्टी लगतच्या काळी-पांढरीमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने उतरते, आणि लयही तितक्याच प्रमाणात मंदावते. मग 'काय ठाय लय धरली आहे' म्हणून माना डोलतात, आणि ते श्रेय ग्रामोफोनच्या चावीचे असते. गंमत अशी की या अडचणीवरचा उपायही साथीदारच पुरवतो. ऑर्गनच्या स्वरपट्ट्या पितळी व बांधलेल्या. तो गाणाऱ्याच्या सोयीने चढत-उतरत नाही. तबकडीतील ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मधोमध बोलू लागला तर वेग चुकला आहे असा संशय घेण्यास जागा आहे. त्या काळची सर्व वाद्ये एकाच मापाने जुळविलेली नसत, त्यामुळे हा पुरावा निर्णायक नाही. पण गायकाच्या गळ्यापेक्षा तो अधिक विश्वासार्ह आहे. ज्याचे नाव चिठ्ठीवर नाही, त्याच्या वाद्यावरून नाव असलेल्याची पट्टी ठरवावी लागते.

आणखी एक गोष्ट रसिक विसरतात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. रंगभूमीवर 'वन्समोर'च्या गजरात तेच पद कितीतरी वेळ रंगे. पुनरावृत्तीत गायक नवी वाट काढी, सारंगी ती उचली, तबला त्याला उत्तर देई. तबकडीत या देवघेवीला जागाच नाही. आरंभीचा सुराचा भरणा आणि दोन कडव्यांमधील फट एवढ्यावर साथीदाराला भागवावे लागे. त्यामुळे तबकडीवरून थिरकवाँच्या किंवा कादरबक्षांच्या साथीचे मोजमाप करणे म्हणजे पत्त्याच्या पाकिटावरून पत्रलेखकाची शैली ठरविणे होय. तबकडी हा साथीच्या अस्तित्वाचा पुरावा आहे. तिच्या विस्ताराचा नव्हे. त्यासाठी साथ जेथे अजून विस्ताराने चालते अशा ठिकाणी जावे लागेल.

मार्कंडा हे चामोर्शी तालुक्यातील वैनगंगाकाठचे देवस्थान. नदी येथे उत्तरवाहिनी होते. पूर्वी हा भाग चांदा जिल्ह्यात होता; १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात येथे आला आणि येथील मंदिरसमूहाचे वर्णन त्याच्या अहवालात आहे. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. मंदिराची वीज पडून झालेली पडझड आणि गोंड काळात झालेली डागडुजी हा येथे येणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या चर्चेचा विषय. मूळ घडीव काम कोठे संपते आणि नंतरचा हात कोठे सुरू होतो, हे तेथे दगडाच्या घडणीवरूनच ठरवावे लागते. कारागिराने नाव कोरलेले नाही म्हणून पुरातत्त्वज्ञ गप्प बसत नाही, आणि प्रत्येक सुंदर मूर्ती एकाच प्रख्यात शिल्पकाराची असेही तो म्हणत नाही. तबकडीच्या अभ्यासकाने हीच शिस्त पाळावी एवढेच आमचे म्हणणे आहे.

मार्कंड्यापासून उत्तरेस वैनगंगेच्या खोऱ्यात वर गेले की देसाईगंज-वडसा लागते. झाडीपट्टी रंगभूमीचे ते केंद्र. धान घरात आले, दिवाळी सरली, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगाव मंडई आणि शंकरपट यांच्या निमित्ताने नाटके सुरू होतात आणि उन्हाळा तोंडावर येईतो चालतात. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे संपतो. या रंगभूमीची मुळे दंडार, खडीगंमत यांसारख्या स्थानिक प्रकारांत आहेत. त्यावर किर्लोस्करी परंपरेच्या संगीत नाटकाचे कलम झाले. शहरात संगीत नाटक ओसरल्यावरही येथे पदांवाचून नाटक ही कल्पना रुजली नाही. या रंगभूमीवरील एक ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्रास तिची थोडी दखल घ्यावी लागली.

येथे वादक रंगमंचाच्या पुढ्यात, प्रेक्षकांना पाठ नाहीतर कूस करून बसतात. ऑर्गन, तबला, ढोलक हा जुना संच, क्लॅरिनेटही असे. अलीकडे ऑर्गनच्या जागी विजेवरचा कीबोर्ड आणि तबल्याच्या शेजारी ऑक्टोपॅड आला आहे. ऑर्गन वाजविणारा येथे केवळ साथीदार नसतो. पदाला सूर देणे, नटाने पट्टी सोडली तर ती सावरून घेणे, प्रवेश लांबला तर भरून काढणे, खलनायकाच्या पावलांना आणि विनोदी पात्राच्या फजितीला नाद देणे, ही सारी कामे त्याची. तालमी थोड्या, नटसंच हंगामात फिरता; रात्रभराचा प्रयोग ज्याच्या स्मरणावर उभा असतो तो बहुधा हा मनुष्य होय. गंधर्व मंडळीतील ऑर्गनवादकाने तीन मिनिटांच्या तबकडीबाहेर काय केले असेल याची कल्पना येथे येते. दोन्ही परंपरा एकच आहेत असा याचा अर्थ नाही. गंधर्वांचा ऑर्गन राग सांभाळीत होता, येथला कथानक सांभाळतो. परंतु पदाच्या शेवटी नट अखेरचे अक्षर टाकतो आणि ऑर्गन ते उचलतो, तो क्षण दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो.

भाषेच्या दृष्टीने एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. झाडीबोलीत ळ आणि ण हे वर्ण नाहीत. डोळ्याचा 'डोरा' होतो, पाणी 'पानी' होते. नाटकातील विनोदी पात्र या बोलीत बोलते आणि प्रेक्षकांचा खरा जिव्हाळा त्यालाच मिळतो. तोच नट जुने नाट्यपद गाऊ लागला म्हणजे मात्र ळ आणि ण ठसठशीत उमटतात, कित्येकदा गरजेपेक्षा अधिक. हे उच्चार शाळेतून आले असे म्हणावे तर गद्य संवादात ते का टिकत नाहीत? आमच्या मते ते पदाबरोबर, म्हणजे गुरूच्या तोंडून आणि जत्रेत वाजणाऱ्या तबकडीतून, चालीचा भाग म्हणून आले. चालीसह उच्चार उचलला गेला तर साथीच्या जागाही उचलल्या गेल्या असणारच. तबकडीत ऐकलेला ऑर्गनचा एखादा भरणा, वाजविणाऱ्याचे नाव कोणास माहीत नसता, झाडीतल्या वादकाच्या बोटांत येऊन राहिला असेल. पदाची वंशावळ गायकांच्या नावांनी लिहिली जाते; या दुसऱ्या वंशावळीस नावेच नाहीत, तरी ती अखंड आहे.

येथे जुन्या चांदा जिल्ह्याशीच जडलेल्या एका निराळ्या गायनप्रकाराची आठवण होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज चिमूरच्या परिसरात वावरले. १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूरला जो उठाव झाला त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती आणि त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. त्यांच्या हाती खंजिरी असे. गाणारा आणि ठेका धरणारा एकच असल्यामुळे साथीचे श्रेय कोणाचे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. मंडळाने मागून धरलेले ध्रुपद हीच काय ती साथ, आणि ती साथ करणारा समुदाय नाव मागत नाही. नाटकाच्या साथीदाराची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. तो समुदायात विरघळत नाही, आणि चिठ्ठीवरही येत नाही.

तरीही झाडीपट्टीत एक कागद असा आहे की ज्यावर तो येतो. प्रयोगाच्या आधी गावोगाव वाटल्या जाणाऱ्या रंगीत पत्रकांवर नटनट्यांच्या छायाचित्रांखाली 'संगीत साथ' असा मथळा असतो आणि ऑर्गन, तबला, ढोलक अशा वाद्यांपुढे वादकांची नावे, पुष्कळदा गावासकट, छापलेली आढळतात. कारण व्यवहाराचेच आहे. अमुक वादक आहे म्हटल्यावर पदे चांगली होणार हे गावकऱ्यांना कळते, आणि तिकिटे खपतात. ज्या कारणाने ग्रामोफोन कंपनीने साथीदाराचे नाव गाळले, त्याच कारणाने वडशाचा छापखाना ते छापतो. फक्त तबकडी शंभर वर्षे टिकते आणि हे पत्रक दुसऱ्या दिवशी भज्यांच्या पुडीला जाते.

गायकाचे नाव सांगणारी पण साथीदार लपविणारी वस्तू कपाटात जपली गेली, आणि साथीदाराचे नाव सांगणारी वस्तू जपलीच गेली नाही, असा हा उलटा प्रकार आहे. विद्युत् कीबोर्ड आल्यापासून पायाने भाता हाकणारे ऑर्गन अडगळीत पडू लागले आहेत. ते वाजविणारे आज उतारवयात आहेत. त्यांपैकी कोणी कोणत्या मंडळीत, कोणत्या हंगामात वाजविले याची नोंद जुळवावयाची तर या पत्रकांवाचून दुसरा आधार नाही, कारण मौखिक आठवणीत साल राहत नाही. फार तर 'त्या वर्षी धान बुडाले होते' एवढे राहते, आणि धान पुष्कळदा बुडते.

विभागातील जे विद्यार्थी चामोर्शी, मूल, सावली, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या भागांतील आहेत त्यांच्या घरी अशी पत्रके असण्याचा संभव आहे; धान्याच्या कोठीवर, देवघराच्या भिंतीला किंवा जुन्या वह्यांना घातलेल्या कव्हरांत ती सापडतात. पत्रकावर तारीख बहुधा असते, वर्ष पुष्कळदा नसते. म्हणून ते आणताना घरातील वडीलधाऱ्यांना विचारून साल, गाव आणि ऑर्गनवर कोण होते, या तीन गोष्टी पेन्सिलीने मागे लिहून आणाव्यात. फाटकी पत्रकेही चालतील.